फणसाच्या वाईटावर

विंझरला रस्त्याच्या खालच्या अंगाला मानसिंगचं घर आणि घरामागं परसू. परसात चार केळी, एक कढीपत्ता, एका कोपऱ्यात शेळीचा गोठा आणि मधोमध फणस. परसू फणसाचंच होतं, बाकीची मंडळी त्याच्या मेहेरबानीवर राहत होती.

फणस कापा जातीचा. गरा मोडला की काकडीसारखा कट्ट वाजायचा. खोडाला बुंध्यापासून वरपर्यंत फळं लगडायची आणि एखादं तर थेट मुळाला, मातीच्या आत धरायचं. ते वर कुणालाच दिसायचं नाही. मग जेठात जमिनीला बारीक तडा जायचा आणि त्या भेगेतून असा घमघमाट सुटायचा की एसटीची वाट बघणारी माणसं फाट्यावरून विचारायची, "कुणाचा वो पिकलाय?" मानसिंगची बायको रत्ना तेव्हा खुरपं घेऊन, जमिनीतनं देव काढावा तसं ते फळ हळूहळू उकरायची.

रत्नाचा सगळा जीव त्या झाडात. लेक धनश्री लग्न होऊन पुण्याला गेली होती. मानसिंग पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन नसरापूरला जायचा तो दुपारी यायचा. मधल्या वेळात रत्ना तांदूळ निवडायला बसली तरी बुंध्याला पाठ लावून बसायची. कोवळ्या कुयरीची भाजी करावी तर तिनंच, आठळ्या चुलीच्या आरात भाजाव्या तर तिनंच. फणस कुणाला द्यायचा नि कुणाला नाही, हेही तीच ठरवायची. शेजारची जाऊ ठकुबाई, तिला तेवढा कधी जात नसे.

खरं तर आठळी ठकुबाईनंच आणली होती. तिचं माहेर घाटाखाली, महाडकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना तिनं ती पदरात बांधून आणली, परसात लावली, गुरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटे रोवले. पुढं तिचा नवरा, मानसिंगचा थोरला भाऊ, वारला, वाटण्या झाल्या, मधे दगडांचा गडगा पडला आणि फणस गडग्याच्या अलीकडं, रत्नाच्या वाट्याला आला. ठकुबाई तेव्हा पंचांसमोर एवढंच म्हणाली होती, "घे बाई. पर त्या झाडाला तुझ्या हातचं पाणी गोड लागायचं न्हाई." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. रत्नानं नवऱ्यालाही बजावलं, "त्या बाईचा पाय माझ्या परसात पडला तर म्या माहेरी निघून जाईन." मानसिंग मान हलवून गप्प बसला. तो तसाही गप्पच बसायचा.

माघ लागला तशा फणसाच्या कुयऱ्या गळायला लागल्या. पहिल्यांदा रत्नानं मनावर घेतलं नाही, थोड्या गळतातच. पण मग पानं पिवळी पडली. एका सकाळी परसू झाडताना बुंध्याशी भुसा दिसला, सुताराच्या करवतीखाली पडतो तसा. तिनं मान वर केली. खोडाला भोकं होती. करंगळी जाईल एवढी, गोल. काही उघडी, त्यातनं काळपट पाणी ओघळलेलं. काही मात्र चिखलानं लिंपलेली, आणि लिंपण ताजं होतं. त्यावर बोटांचे ठसे उमटले होते.

रत्नानं नखानं एका भोकावरचा चिखल खरवडला. आत कापसाचा बोळा ठासून बसवला होता. तो तिनं ओढून काढला आणि नाकाशी नेला. पेट्रोल.

तेवढ्यात वरच्या आळीची फुलाबाई शेळीसाठी पाला मागायला आली. रत्नानं तिला बोळा दाखवला. फुलाबाईनं वास घेतला आणि तोंडाला पदर लावला.

"अगं, पूर्वी हिंग घालायचे असं भोक पाडून. झाड उभ्या उभ्या वाळायचं, कुणाला पत्ता लागायचा न्हाई. आता हिंगाच्या जागी ह्ये आलं असंल."

"पर कोन करंल असं?"

फुलाबाईनं गडग्यापलीकडं नुसती नजर टाकली, आणि पाला न घेताच गेली.

त्या दिवसापासून रत्नाचं कशातच लक्ष लागेना. ठकुबाई पलीकडं भांडी घासायला बसली की रत्ना तिच्या हातांकडं बघे. ठकुबाईचा लेक धनाजी मोटारसायकल पुसत असला की पेट्रोलची टाकी तिच्या डोळ्यांत भरे. धनाजीनं एकदा सहज हटकलं, "काकी, काय बघताय?" तर ती म्हणाली, "काय न्हाई बाबा, गाडी छान हाय तुझी." आणि आत येऊन स्वतःलाच म्हणाली, बघा, चोराच्या मनात चांदणं असल्याबिगर कशाला इचारंल?

लिंपलेल्या भोकांना हात लावला तर चोर सावध होईल, म्हणून ती तिनं तशीच ठेवली. उघडी भोकं मोजून ध्यानात ठेवली. ती घरी असली की त्यांना कुणी हात लावत नव्हतं. पण ती हळदीकुंकवाला गेली आणि परतली, तर आणखी दोन भोकं लिंपलेली. दळण आणायला गेली, तर बुंध्याशी नवा भुसा आणि ओला चिखल. म्हणजे जो कोणी होता, त्याला ती घरात कधी नसते हे बरोबर कळत होतं. मग तिला फुलाबाईचाही संशय आला. तिलाच तर मी सांगते कुठं जाते ते! तिनं फुलाबाईला काही सांगायचं सोडून दिलं. तरीही भोकं लिंपली जातच राहिली.

आणि एक दिवस देवापुढं वात वळायला बसली, तर कापसाची पिशवी अर्धी रिकामी.

रत्ना बराच वेळ ती पिशवी हातात धरून बसली. हा कापूस तिनंच आणलेला, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेला. बाहेरचं माणूस तिथवर येणार कसं?

दुपारी मानसिंग जेवायला बसला तेव्हा तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "अवं, देवाचा कापूस तुमी घेतला का?"

"मला कशाला लागतोय कापूस?" मानसिंग म्हणाला. "उंदरानं न्हेला असंल."

"उंदीर न्हेल्यावर पिशवीला गाठ मारून ठिवत न्हाई."

मानसिंगनं घास तोंडात घातला आणि कालवण लई झाक झालंय म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कालवणाचं कौतुक त्यानं आजवर केलं नव्हतं.

तो आडवा झाल्यावर ती बाहेर टेम्पोपाशी गेली. ड्रायव्हरच्या सीटमागं हात घातला. फडकं, पाना, आणि खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. बूच काढलं. पेट्रोल.

आता तिला सगळं उलगडल्यासारखं वाटलं. गेल्या पावसाळ्यात मानसिंग म्हणाला होता, फणसाच्या मुळ्यांनी पाण्याच्या टाकीचा ओटा उचललाय. ती तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेली होती. तोंडानं सांगून जमलं नाही म्हणून आता ही पाठीमागची रीत! आणि एकटा करणार नाही हा माणूस. ह्याला एवढा धीर नाही. ह्याच्या मागं कुणीतरी आहे.

तिनं बाटली होती तिथं ठेवली आणि संध्याकाळी सांगितलं, "उद्या म्या कामथडीला जाते. बहिणीच्या गुडघ्याचं लई दुखतंय. सांजच्याला येईन."

"जा की," मानसिंग म्हणाला. जरा लगबगीनंच म्हणाला, असं तिला वाटलं.

सकाळी ती नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन, सगळ्यांना दिसेल अशी फाट्यावर जाऊन उभी राहिली. एसटीत बसली. पण मार्गासनीला उतरली आणि नदीकडच्या पायवाटेनं, उसाच्या कडेकडेनं परत चालू लागली. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, ते तिनं मनात घोळवून ठेवलं होतं. कुणी भेटलं नाही. मागच्या बाजूनं ती गोठ्यात शिरली, शेळीपुढं पाला टाकून तिचं तोंड बंद केलं आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावून बसली.

उन्हं चढली. टेम्पोचा आवाज आला. मानसिंग परसात आला, इकडंतिकडं बघितलं. खिशातनं बाटली काढली, कापसाची गुंडाळी काढली आणि दोन्ही गडग्यावरच्या चपट्या दगडावर ठेवली. झाडाकडं गेलासुद्धा नाही. घशात खाकरला आणि आल्या पावली निघून गेला. टेम्पो वेल्ह्याच्या बाजूला गेल्याचं तिनं ऐकलं.

मग गडग्यापलीकडनं एक हात आला. हिरव्या बांगड्या नसलेला, उन्हानं काळवंडलेला. त्यानं बाटली उचलली. मागोमाग ठकुबाई गडग्याच्या मोडक्या भागातनं कमरेवर हात ठेवत परसात आली. तिच्याजवळ टोक वाकवलेली एक लांब तार होती आणि डब्यात कालवलेला चिखल.

ठकुबाईनं खोडाला कान लावला. एका जागी, मग जरा वर, मग बाजूला. एका भोकात तार घालून ती गरागरा फिरवायला लागली. भुसा भसाभस खाली पडला.

रत्नाला पुढचं बघवलं नाही. ती गोठ्यातनं धावत सुटली आणि तिनं ठकुबाईचं मनगट धरलं.

"सापडलीस! भर दुपारची माझ्या झाडाचा जीव घेतीस? लाज न्हाई वाटत?" एरवी ती जावेला आक्का म्हणायची, अहोजाहो करायची. आज ते सगळं सुटलं. "आणि माझ्या नवऱ्याला हाताशी धरलंस व्हय गं?"

आरडाओरडा ऐकून धनाजी अंगणातनं धावत आला. रस्त्यानं चाललेली फुलाबाई आली, तिच्यामागं आणखी दोघी-तिघी. रत्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती. "बघा, बघा! ही तार बघा. हे पेट्रोल बघा. गोड लागायचं न्हाई म्हनली व्हती. आता स्वतःच्या हातानं कडू करतीया."

धनाजी म्हणाला, "आये, काय हाय ह्ये? तू हितं काय करतीस?"

ठकुबाई घामानं भिजली होती. तिनं एकदा लेकाकडं बघितलं, एकदा बायकांकडं, आणि मग रत्नाकडं. सांगावं की न सांगावं असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं आणि गेलं.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच करतीया. पुसापासनं करतीया. सोड हात."

तार तिनं बुंध्याशी टाकली आणि गडगा ओलांडून गेली. मागं वळून बघितलं नाही.

"कबूलच केलं की!" फुलाबाई म्हणाली. बायका कुजबुजत पांगल्या.

रत्नानं आधी घागर आणली आणि ठकुबाईनं टाकलेल्या तारेच्या आकड्यानं एकेक भोक उकलायला लागली. चिखल फोडायचा, बोळा ओढायचा, वर पाणी मारायचं. जेवढं विष निघेल तेवढं काढू, असं ती पुटपुटत होती. असे पाच-सहा बोळे निघाले. पुढच्या भोकात बोळ्यामागं काहीतरी अडकलं होतं. तिनं आकडा खोल घालून ओढलं. तळहातावर एक अळी पडली. अंगठ्याएवढी जाड, हस्तिदंतासारखी पांढरी, तपकिरी डोक्याची. मेलेली.

रत्ना तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं दुसरं भोक उकललं. त्यातही तशीच, सुकून काळी पडलेली. तिला ठकुबाईचा खोडाला लावलेला कान आठवला. तिनंही कान लावला. खालच्या अंगाला, जिथं बोळे होते तिथं काही नव्हतं. पण छातीच्या उंचीवर, एका उघड्या भोकापाशी, आतनं आवाज येत होता. कुर्र, कुर्र. कुणीतरी चवीनं, सावकाश खात असल्यासारखा.

समोर तिनं उकललेल्या भोकांतनं पाणी ठिबकत होतं.

मानसिंग आला तेव्हा ती तिथंच बसली होती. मेलेल्या अळ्या तिनं केळीच्या पानावर मांडून ठेवल्या होत्या. त्यानं पान बघितलं, उकललेली भोकं बघितली, आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"भिरूड लागलंय," तो म्हणाला. "वैनीनं गडग्यापलीकडनं भुसा बघितला. त्यांच्या माहेराला ह्याच किड्यानं झाडंच्या झाडं बसली म्हनं. तारेनं वढून काढायचं, न्हाई निघालं तर पेट्रोलचा बोळा मारायचा आणि भोक बुजवायचं. माझ्या हातानं जमंना, मला आवाज कळत न्हाई आत. म्हनून त्या यायच्या."

"मला का न्हाई सांगितलं?"

"त्यांना हात लावू दिला असतास?"

रत्नानं केळीचं पान जवळ ओढलं.

"त्याच म्हनल्या, तिला सांगू नका. झाड बरं झालं की आपसूक थांबंल. मला बी वाटलं, गुमान व्हतंय तर व्हऊ द्यावं." मानसिंगनं एक अळी काडीनं उलटी केली. "कालवण चांगलं म्हनलो तवाच वळखलंस न्हवं?"

तिला हसू आलं नाही. "चार बायांत म्या तिला चोर केलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तार आणि बाटली घेऊन ठकुबाईच्या दारात गेली. एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्याशी ती पहिल्यांदाच उभी होती. धनाजीची बायको सोनिया चहाचं भांडं हातात घेऊन तशीच बघत राहिली. आतनं ठकुबाईचा आवाज आला, "कोन हाय?"

"म्या हाय, आक्का. रत्ना."

ठकुबाई बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"बोलायला आली असशील तर जा," ती म्हणाली. "म्या काल लई ऐकलंय."

"बोळे काढून टाकले म्या. पाणी मारलं."

"किती?"

"खालचे बहुतेक समदे."

ठकुबाईनं कपाळावर हात मारला. "अगं, आता पुन्यांदा पैल्यापासनं!" आणि चपला पायात सरकवून ती रत्नाच्या आधी परसात पोचली.

ते काम बरेच दिवस चाललं. ठकुबाई कान लावायची, रत्ना तार फिरवायची. रत्नालाही हळूहळू आतला आवाज कळायला लागला. बोलणं कामापुरतंच. हितं बघ, जरा वर, चिखल दे, एवढंच. पण फुलाबाई पाला मागायला आली तेव्हा रत्ना ठकुबाईसमोरच तिला म्हणाली, "म्या त्या दिवशी वंगाळ बोलले. आक्का झाडाला औषध करत व्हत्या. ज्यांना ज्यांना सांगितलं असशील, त्यांना ह्ये बी सांग."

"सांगते की," फुलाबाई म्हणाली. मग जाता जाता, फक्त रत्नाला ऐकू जाईल असं, "पर औषधच व्हतं तर लपून कशाला?"

रत्नानं तिला पाला दिला आणि वाटेला लावलं.

त्या साली फणस फारसा धरला नाही. पावसाळ्यात मात्र झाडानं नवी पालवी काढली, गडद हिरवी, चकाकती. भोकांच्या कडेनं साल जुळून आली. फक्त एक थोरली फांदी, गडग्यावरनं धनाजीच्या अंगणात गेलेली, पोखरून पार वाळली होती. ती वाऱ्यानं कुणाच्या डोक्यात पडायची, म्हणून धनाजीनंच दसऱ्याच्या आधी कापून काढली. रत्नानं काही हरकत घेतली नाही.

दिवाळी झाल्यावर धनाजीनं छपरावर सोलर बसवला, अंघोळीच्या पाण्याचा. बसवणारा माणूस म्हणाला, जागा नामी आहे, दिवसभर ऊन. रत्ना परसातनं ऐकत होती. तिनं वर बघितलं. फांदी असती तर तिथं सावली असती. सगळं झाड वाचलं आणि नेमकी तीच फांदी गेली.

तिनं तो विचार झटकला. तो परत आला. फुलाबाईनं तो बोलूनही दाखवला. संक्रांत गेली, फणसाला कुयऱ्या धरल्या, त्या फुगल्या, काटे पसरट व्हायला लागले, तरी तिच्या मनातनं तो किडा जाईना. ठकुबाई आता रोज गडगा ओलांडून यायची, बसायची, आणि रत्ना तिच्याशी गोड बोलता बोलता मधेच छपराकडं बघायची.

वैशाखात पहिला फणस उतरवला. ठकुबाई हाताला तेल लावून, विळीवर तो चिरायला बसली होती. रत्ना समोर परात घेऊन बसली. परसात दुसरं कोणी नव्हतं.

"आक्का," रत्ना म्हणाली, "एक इचारू? राग धरू नका."

"इचार."

"ती गडग्यावरची फांदी तुमी मुद्दाम सोडली का?"

ठकुबाईचा हात थांबला. चीक विळीवर तसाच ताणला गेला.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ते एकदा लई चुकलंय. म्हनून इचारते. मनात ठिवत न्हाई."

ठकुबाईनं विळीवरचा चीक फडक्यानं पुसला. सगळा निघाला तरी ती पुसतच राहिली.

"माझा हात तितवर पोचत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "खालनं कान लावला तरी आवाज येत व्हता, म्हंजी वर बी किडा हाय ह्ये मला कळत व्हतं. म्या धनाजीला म्हनलं, शिडी लाव आणि तू चढ. त्यो म्हनला, उद्या लावतो. मंग म्हनला, शिडी दुसऱ्याकडं गेलीया. मंग पाऊस लागला."

"आणि मंग?"

"मंग सोलर आला." ठकुबाईनं रत्नाकडं बघितलं नाही. "आळसानं ऱ्हायलं, का त्यानं ऱ्हाऊ दिलं, देवाला ठाऊक. तू मला तोंडावर इचारलंस. म्या माझ्या पोराला अजून इचारलं न्हाई. सोलरचं पाणी रोज अंगावर घेते, आणि इचारत न्हाई."

गडग्यापलीकडं धनाजीची मोटारसायकल सुरू झाली, फाट्याकडं गेली. दोघी ती जाईपर्यंत थांबल्या.

रत्नानं परात बाजूला सारली, हाताला तेल लावलं आणि फणसाचं दुसरं अंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, म्हणजे ठकुबाईला तो चिरता यावा.